आयर्विनला किती?

गावभागातल्या भाड्याच्या घरात
एकोणीसच्या पुराची रेघ
स्विचबोर्डाच्या वीतभर वर होती.
मालकानं रंग दिला, तरी दमट हवेत ती उमटायचीच.
म्हणून विश्रामबागेत घेतलं, तिसऱ्या मजल्यावर.
कर्ज मंजूर झालं त्या संध्याकाळी
शीतल पाव किलो पेढे घेऊन आला.
सासऱ्यांनी अर्धाच खाल्ला.
"घर झाल्याचे पेढे कळतात," म्हणाले,
"कर्ज झाल्याचे पहिल्यांदाच खातोय."

व्याज तरतं असतं, असं बँकेतल्या माणसानं सांगितलेलं.
तरतं म्हणजे बुडवणार नाही, असं मी धरून चालले.
सांगलीची असून.

पाव टक्का. मग अर्धा. मग पुन्हा अर्धा.
हप्ता तेवढाच जात राहिला, सोळा हजार आठशे,
म्हणून आम्ही निवांत.
पुराचं पाणी आधी नदीकडून येतच नाही,
मोरीतून उलटं वर येतं.
हे माहीत होतं आम्हाला.

काउंटरवरच्या पोरीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
राहिलेल्या अठरा वर्षांची पंचवीस झाली होती.
"हप्ता वाढवायचा, मॅडम, की वर्षंच राहू देत?"
भडंगवाला विचारतो ना,
तिखट की मध्यम, तसं.
शीतलनं बोटांवर मोजलं. अडुसष्ट.
त्याच्या कारखान्यात अठ्ठावन्नला
हार घालून घरी पाठवतात.

मिरजेला, लॅबमध्ये, कुणाला बोलले नव्हते मी.
मग एकदा डबा खाताना अफसाना म्हणाली,
"माझा नऊ पॉइंट एक झाला गं. तुझा?"
थायरॉइडचा रिपोर्ट विचारावा तसं.
आणि सगळ्याजणी आपापला आकडा काढून बसल्या.
एकीनं बिशी मोडून मुद्दलात भरलेली.
एकीच्या नवऱ्याला अजून पत्ताच नव्हता.
वांग्याची भाजी या डब्यातून त्या डब्यात गेली.
परतताना बसमध्ये हलकं वाटलं,
आणि हलकं वाटल्याची
थोडी भीतीही.

सासरे मार्केट यार्डात तोलार होते,
हळदीची पोती, अडतीस वर्षं. नखं अजून पिवळट.
शीतलच्या बाळंतपणाला कापडपेठेतून
चारशे रुपये उसने घेतले होते त्यांनी.
फिटेपर्यंत ती पेठ टाळली,
गणपतीच्या देवळाला वळसा घालून घरी यायचे.
फिटल्याची चिठ्ठी महावीरांच्या तसबिरीमागे आहे,
घडी उलगडली तर तुकडे पडतील.

परवा चष्मा पुसून त्यांनी स्टेटमेंट मागितलं.
"मुद्दलात किती गेलं?"
एकोणीसशे.
"आणि व्याजात?"
चौदा हजार नऊशे.
बराच वेळ कागद तळहातावर धरून बसले,
वजन बघत असल्यासारखे.
"ओल्या हळदीलासुद्धा
एवढी तूट मी कधी धरली नाही कुणाची."

मी दोन रात्रपाळ्या वाढवून घेतल्या.
शीतल गाडी विकणार होता, अजून म्हणतोच आहे.
हप्ता पंधराशेनं वाढवला,
पंचवीसची वीस झाली.
बिशीचा नंबर मार्चमध्ये आहे, तेव्हा बघू.

काल रात्री जिन्यात गर्दी. कोयनेतून पाणी सोडलंय.
"आयर्विनला किती?" वरून कुणीतरी.
"छत्तीस. चढतंय," खालून चौगुले.
मग आवाज उतरवून,
"आणि तुमचं? बँकेचं?"

शीतल आत वळला. मी दाराची कडी चाचपत राहिले.
सासरे कठड्याशी गेले,
आणि काट्यावरचं वजन अख्ख्या यार्डाला ऐकू जावं
तसे खणखणीत ओरडले,
"वीस वर्षं! पंधराशे जादा!"

जिना क्षणभर गप्प.
"आमची बावीस, अण्णा," चौगुल्यांचा आवाज आला,
आणि दोघं तिथंच,
एक वर, एक खाली, कठड्याला टेकून
उशिरापर्यंत नदीचं बोलत राहिले.